वर्तन मोजण्याची विद्या आणि झाडीपट्टी

‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण मराठी माणूस बहुधा कुणाच्या तरी न सुटणाऱ्या सवयीपुढे हात टेकताना वापरतो, आणि माणूस जे करतो त्याचे मूळ त्याच्या आत, स्वभाव नावाच्या न दिसणाऱ्या वस्तूत असते, हे गृहीतक त्या म्हणीत दडलेले असते. उपयोजित वर्तन विश्लेषण ही मानसशास्त्राची शाखा हे गृहीतकच बाजूला ठेवते. कृती घडण्यापूर्वी परिस्थिती कोणती होती, कृती नेमकी कशी घडली आणि तिच्या पाठोपाठ काय मिळाले किंवा काय टळले, या तीन गोष्टींची नोंद ठेवली तर ती कृती का टिकून राहते याचा उलगडा बव्हंशी बाहेरच सापडतो, असे हे शास्त्र मानते. ज्या परिणामामुळे कृती पुन्हा घडण्याची शक्यता वाढते त्या परिणामाला ‘प्रबलन’ म्हणतात. प्रबलन म्हणजे बक्षीस नव्हे, कारण ज्या मुलाकडे एरवी कुणी पाहतही नाही त्याच्यासाठी रागावणे हेसुद्धा प्रबलन ठरू शकते. एखादी गोष्ट प्रबलन आहे की नाही हे देणाऱ्याच्या हेतूवरून ठरत नाही, पुढे कृती वाढली की नाही यावरून ठरते.

झाडीपट्टीतील चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकाला हे खर्ऱ्याच्या उदाहरणाने चटकन उमगेल. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून तयार होणारा खर्रा खाणाऱ्याला कर्करोगाची माहिती नसते असे नाही. ती त्याने भिंतीवर वाचलेली असते, डॉक्टरांकडून ऐकलेली असते. परंतु पानठेला कामाच्या वाटेवरच लागतो, सोबती तिथेच भेटतात आणि तरतरी मिनिटाभरात येते, तर रोग आला तरी वीस वर्षांनी येणार असतो. लगेच आणि हमखास मिळणारा लहानसा परिणाम दूरच्या आणि अनिश्चित अशा मोठ्या परिणामावर मात करतो, हा नियम प्रयोगशाळेत जितका खरा ठरला आहे तितकाच तो मूल किंवा आरमोरी गावच्या बसस्थानकावरही खरा आहे. म्हणूनच वर्तनविश्लेषक उपदेशाचा फलक रंगवण्याआधी ठेल्याची जागा, सोबत आणि वेळ यांची नोंदवही उघडतो.

या विचाराचा पाया अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी घातला. १९३८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात प्राण्यांच्या वर्तनावरील जे प्रयोग मांडले आहेत, त्यांतून ‘साधक अभिसंधान’, म्हणजे परिणामांनुसार कृतीला वळण लागण्याची प्रक्रिया, स्पष्ट झाली. ‘उपयोजित’ हे विशेषण मात्र नंतरचे आहे. १९६८ साली या विषयाचे स्वतंत्र संशोधन नियतकालिक सुरू झाले आणि त्याच्या पहिल्याच अंकात कॅन्सस विद्यापीठातील बेअर, वुल्फ आणि रिस्ली या तिघांनी या शास्त्राची लक्षणे सांगणारा लेख लिहिला. संशोधनासाठी निवडलेली कृती त्या माणसाच्या जगण्यात खरोखर महत्त्वाची असावी, तिचे प्रत्यक्ष मोजमाप व्हावे, बदल उपायामुळेच झाला हे दाखवता यावे आणि तो बदल शिकवणाऱ्याच्या खोलीबाहेरही टिकावा, या त्यातील प्रमुख अटी होत. शेवटच्या अटीला ‘सामान्यीकरण’ म्हणतात, आणि जंगलातील जिल्ह्यांचा विचार करताना सगळ्यात कस लागतो तो याच अटीचा.

आज या विषयाचे नाव बहुतेकांच्या कानावर पडते ते स्वमग्न मुलांच्या संदर्भात. स्वमग्नता ही मेंदूच्या विकासातील वेगळेपणातून येणारी अवस्था असून तिच्यामुळे संवाद, सामाजिक देवघेव आणि संवेदनांना मिळणारा प्रतिसाद या गोष्टी वेगळ्या रीतीने घडतात. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात आयव्हर लोवास यांनी १९ लहान मुलांना आठवड्याला सुमारे ४० तास असे दीर्घकाळ प्रशिक्षण दिले आणि त्यांपैकी ९ मुले सर्वसाधारण शाळेत इतरांच्या बरोबरीने शिकू लागल्याचे १९८७ साली जाहीर केले. त्या निष्कर्षाने जगभरच्या पालकांना आशा दिली आणि एका मोठ्या व्यवसायालाही जन्म दिला. त्याच प्रयोगांत शिक्षेचाही वापर झाला होता, ही बाब पुढे टीकेचा विषय ठरली. लहानपणी हे प्रशिक्षण घेतलेल्या काही स्वमग्न प्रौढांनी तर अधिक मूलभूत आक्षेप घेतला: हात हलवणे किंवा नजर टाळणे यांसारख्या निरुपद्रवी कृती पुसून टाकण्यात कुणाचे हित होते, मुलाचे की पाहणाऱ्यांचे? २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यानेही, म्हणजे उपलब्ध चाचण्या एकत्र तपासणाऱ्या पद्धतशीर अभ्यासाने, लहान वयातील सघन वर्तन-प्रशिक्षणाच्या बाजूचा पुरावा दुबळा असल्याचे नोंदवले. आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे पुष्कळ अंशी रास्त आहे, आणि पदव्युत्तर अभ्यासक्रम निवडणाऱ्याने तिथे नीतिशास्त्र किती गांभीर्याने शिकवले जाते हे शुल्काच्या आकड्याआधी पाहावे.

अशा पदव्युत्तर पदवीत शिकायचे काय? मानसशास्त्राच्या सर्वसाधारण एम. ए.मध्ये सिद्धांत, चाचण्या आणि समूहांची सांख्यिकी यांना प्राधान्य असते. येथे एकाच व्यक्तीवर दीर्घकाळ नजर ठेवण्याचे शिक्षण मिळते. विद्यार्थ्याने प्रथम कृतीची अशी व्याख्या करायची असते की दोन निरीक्षकांनी स्वतंत्रपणे मोजले तरी आकडे जुळावेत. ‘मूल चिडचिड करते’ ही व्याख्या नव्हे. ‘मूल आपल्या उजव्या हाताचा चावा घेते आणि दातांचा स्पर्श त्वचेला होतो’ ही व्याख्या आहे. त्यानंतर कोणताही उपाय न करता काही दिवस नुसते मोजायचे. या मोजमापाला ‘आधाररेषा’ म्हणतात, आणि नवशिक्यांना सर्वांत जड जाते ते हेच, कारण समोर दुःख दिसत असताना हात बांधून मोजत बसणे कुणालाही रुचत नाही. पुढची पायरी म्हणजे कृतीचे कार्य शोधणे. हाताचा चावा घेणारे मूल लक्ष वेधते आहे, नकोसे काम टाळते आहे, हवी ती वस्तू मिळवते आहे, की त्या संवेदनेतच त्याला काही मिळते आहे? अंगणवाडीत रांगेत बसवले की ते चावते आणि चावले की त्याला रांगेतून बाहेर काढून अंगणात नेले जाते, असे नोंदीत दिसले तर सेविकेच्या मायाळूपणानेच चावणे टिकवले आहे असा निष्कर्ष निघतो. त्यावर उपाय म्हणून मायाळूपणा कमी करायचा नसतो, तर ‘बाहेर जायचे’ हे सांगण्याची दुसरी, न दुखावणारी रीत, म्हणजे एखादा शब्द, हाताची खूण किंवा चित्र, मुलाला शिकवायची असते.

याशिवाय गुंतागुंतीच्या कामाची लहान लहान पायऱ्यांत फोड करणे, म्हणजे ‘कार्यविश्लेषण’, मदतीचा हात हळूहळू काढून घेणे आणि एका व्यक्तीवरच उपाय देऊन, थांबवून, पुन्हा देऊन त्याचा परिणाम सिद्ध करणे, हे सारे अभ्यासक्रमात येते. पण पदवीचा खरा भार वर्गात नसून देखरेखीखालील कामात असतो. अमेरिकेत १९९८ साली स्थापन झालेले प्रमाणन मंडळ पदव्युत्तर पदवी आणि ठरावीक अभ्यासक्रमाखेरीज अनुभवी विश्लेषकाच्या देखरेखीखाली सुमारे २,००० तासांचे प्रत्यक्ष काम, किंवा अधिक काटेकोर देखरेख असल्यास १,५०० तास, अशी अट घालते आणि त्यानंतरच परीक्षेला बसू देते. २०२३ पासून या मंडळाने नव्या अर्जदारांसाठी आपले दार मोजक्या देशांतील रहिवाशांपुरतेच उघडे ठेवले आहे आणि त्या देशांत भारत नाही. त्यामुळे परदेशी विद्यापीठाची दूरस्थ पदवी घरबसल्या घेतली तरी जुन्या मार्गाने ते प्रमाणपत्र मिळेल असे आता समजता येत नाही. इतर आंतरराष्ट्रीय मंडळांची प्रमाणपत्रे उपलब्ध आहेत, पण त्यांचे वजन देशागणिक वेगळे आहे.

भारतात चित्र आणखी विस्कळीत आहे. १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेली भारतीय पुनर्वास परिषद चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक, वाचा व श्रवणतज्ज्ञ इत्यादींची नोंदणी करते. वर्तनविश्लेषक हा तिच्याकडे स्वतंत्र वर्ग नाही. २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याच्या अनुसूचीत मात्र वर्तनविषयक आरोग्य व्यावसायिकांच्या गटात ‘वर्तन विश्लेषक’ हा शब्द आला आहे, आणि या पेशाला मिळालेली ती पहिली ठळक कायदेशीर ओळख म्हणावी लागेल. दुसऱ्या बाजूने मागणी कायद्यानेच वाढवली आहे: १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेख होता, आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ दिव्यांगत्वांत तिला जागा मिळाल्यामुळे प्रमाणपत्र व त्याबरोबर येणाऱ्या सवलती यांचा मार्ग खुला झाला. प्रमाणपत्र मिळते, त्यानंतर मुलाला शिकवणारा माणूस कुठे मिळेल, याचे उत्तर बेंगळुरू, मुंबई, पुणे अशा शहरांच्या यादीपाशीच संपते.

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी २०११ साली स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाच्या परिसरातून मानसशास्त्राची पदवी घेतलेल्या विद्यार्थ्याला या विषयाकडे वळायचे असेल, तर आजचा व्यवहार्य मार्ग काहीसा वळणाचा आहे. आधी मानसशास्त्राची पदव्युत्तर पदवी किंवा पुनर्वास परिषदेने मान्य केलेला विशेष शिक्षणाचा अभ्यासक्रम घ्यावा, म्हणजे देशात नोंदणी आणि नोकरी यांना आधार राहतो. वर्तन विश्लेषणाचे विशेष शिक्षण त्यावर चढवावे. परदेशी जाण्याची तयारी असणाऱ्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे आणि आदिवासी विकास विभागाचीही परदेशी शिक्षणासाठी योजना आहे. केवळ दूरस्थ पदवीच्या जाहिरातीवर विसंबून घरची शेती गहाण टाकणे मात्र शहाणपणाचे नाही.

तरीही, ज्या जिल्ह्यात या विषयाचा एकही वर्ग भरत नाही, त्याच जिल्ह्यात या विषयाच्या विद्यार्थ्याने अभ्यासावे असे काम गेल्या चार दशकांत उभे राहिले आहे. मात्र त्याला वर्तन विश्लेषण हे नाव कुणी दिलेले नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. त्या काळी या भागात बालमृत्यूंचे एक मोठे कारण न्यूमोनिया हे होते आणि त्याची खूण म्हणजे जलद श्वास. परंतु श्वास मोजणार कोण, तर गावातल्या सुईणी, ज्यांपैकी अनेकींना पन्नास-साठपर्यंत आकडे मोजता येत नव्हते. यावर तोडगा म्हणून एक साधे उपकरण तयार झाले: मिनिटाभराची वाळूची घडी आणि दहा श्वासांगणिक एक याप्रमाणे सरकवायचे मणी. सुईणीला साठपर्यंतचे अंक शिकवण्याऐवजी काम तिला करता येईल एवढ्या पायऱ्यांत फोडले गेले आणि उत्तर मण्यांच्या रूपाने डोळ्यांसमोर आणले गेले. कार्यविश्लेषण आणि दृश्य संकेत यांचे इतके नेटके उदाहरण पाठ्यपुस्तकांतही विरळा. न्यूमोनियावरील या कामाचे निष्कर्ष १९९० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले.

घरोघरी नवजात बालसेवेचा प्रयोग त्याही पुढचा. गडचिरोलीतील ३९ गावांत थोडेबहुत शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून प्रशिक्षण देण्यात आले आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवण्यात आली. बाळाला कोरडे करून गुंडाळणे, वजन करणे, स्तनपान लवकर सुरू करवून घेणे, जंतुसंसर्गाच्या खुणा ओळखणे आणि गरज भासल्यास प्रतिजैविकाची सुई टोचणे, अशी कौशल्ये टप्प्याटप्प्याने, सरावातून आणि प्रत्यक्ष देखरेखीखाली शिकवली गेली. प्रत्येक भेटीची नोंद ठरलेल्या नमुन्यात होत असे आणि ती तपासलीही जात असे. प्रयोगापूर्वी दर हजार जिवंत जन्मांमागे ६२ असलेला नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी २५.५ वर आला, तर तुलनेच्या गावांत तो ६० च्या आसपासच राहिला. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांनंतर बारा वर्षांनी, २०११ मध्ये, केंद्र सरकारने आशा कार्यकर्तीच्या घरभेटींचा कार्यक्रम देशभर लागू केला. बाळंतपण दवाखान्यात झाले असल्यास बेचाळीस दिवसांत सहा आणि घरी झाले असल्यास सात भेटी द्यायच्या असतात.

हे यश मुख्यतः सार्वजनिक आरोग्यशास्त्राचे आहे आणि ते वर्तन विश्लेषणाच्या खात्यावर जमा करणे हा लबाडपणा ठरेल. मात्र बालविकासातील अडचणींबाबत आज जे वाक्य वारंवार ऐकू येते, की तज्ज्ञ नाहीत म्हणून खेड्यात काही करता येत नाही, तेच वाक्य चाळीस वर्षांपूर्वी नवजात बालकांबाबत म्हटले जात होते. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत व शाळांत जाऊन विकासातील विलंब हुडकतात आणि मुलांना जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. परंतु सिरोंच्यापासून गडचिरोली सुमारे दोनशे किलोमीटर दूर आहे. रोजगार बुडवून तिथे एकदा येणारी आई दर आठवड्याला येणार नाही, आणि आठवड्याला चाळीस तासांचे प्रशिक्षण ही कल्पना तर या रस्त्यावर विनोदी वाटावी. तेव्हा कौशल्य मुलाच्या घरी पोहोचवणे एवढाच मार्ग उरतो. गोव्यातील ‘संगत’ या संस्थेने आणि पाकिस्तानातील रावळपिंडीच्या संशोधकांनी मिळून ६५ स्वमग्न मुलांवर केलेली चाचणी या दृष्टीने महत्त्वाची आहे. त्यात तज्ज्ञांऐवजी प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी पालकांना मुलाशी संवाद साधण्याच्या रीती शिकवल्या, आणि पालकांच्या प्रतिसादांत व मुलांनी स्वतःहून साधलेल्या संवादात सुधारणा दिसली, असे २०१६ मध्ये जाहीर झाले. ती पद्धत वर्तन विश्लेषणाहून वेगळी होती. तज्ज्ञाचे काम कार्यकर्त्याच्या हाती देण्याची रीत मात्र आरोग्यदूतांच्या कामातली तीच.

घरी पोहोचायचे तर घरच्या भाषेत पोहोचावे लागते. या दोन जिल्ह्यांत झाडीबोली, गोंडी आणि माडिया बोलली जाते, सीमेलगत तेलुगू ऐकू येते आणि चामोर्शी-मुलचेरा भागातील निर्वासितांच्या वसाहतींत बंगाली. भामरागडच्या माडिया घरातील तीन वर्षांचे मूल मराठी अंगणवाडीत गप्प राहते तेव्हा त्याला विकासाची अडचण आहे की केवळ भाषा परकी आहे, हे ओळखता आले नाही तर पुढचे सारे मोजमाप वाया जाते. स्किनर यांनी भाषेलाही वर्तनच मानले आणि १९५७ साली त्यावर ग्रंथ लिहिला. त्यातील विचारानुसार मूल प्रथम हवी असलेली वस्तू मागायला शिकते, कारण मागितले की मिळते. पण परदेशी संचातील चित्रकार्डांवर ज्या वस्तू असतात त्या या मुलाला हव्या असण्याचे कारणच नाही. मोहफूल, चारे, बांबूची शिट्टी, कोंबडीची पिल्ले, नदीतली मासळी अशी प्रबलनांची यादी त्या घरातच करावी लागते आणि ‘दे’ हा शब्दही आजीच्या तोंडचा असावा लागतो. अमेरिकेतील पदवी ही यादी देत नाही. यादी कशी करायची ते देते.

विषयाचा आवाका बालविकासापुरताही नाही, आणि प्रबंधासाठी इथल्या जंगलातच प्रश्न पडून आहेत. मार्च-एप्रिलमध्ये पहाटेच्या अंधारात मोहफुले वेचणारी आणि त्यानंतर तेंदूपत्ता तोडणारी माणसे ब्रह्मपुरी, सिंदेवाही, वडसा या पट्ट्यात वाघाच्या हल्ल्यांना बळी पडतात. एकट्याने जाऊ नये, उजाडण्यापूर्वी जाऊ नये, अशा सूचना वनविभाग देतो आणि लोक तरीही जातात. त्याला अज्ञान म्हणणे सोपे आहे. परंतु शंभर पहाटांना फुले मिळतात आणि वाघ दिसत नाही, उशिरा गेले तर फुले गुरे खातात किंवा शेजारी नेतो. म्हणजे धोक्याची कृती रोज प्रबलित होते आणि सुरक्षित कृतीला रोज तोटा होतो. सूचनेचा आवाज वाढवून हे समीकरण बदलत नाही. गटाने, उजाडल्यावर गेले तरी फूल हाती लागेल अशी वाटणी ग्रामसभेने ठरवली तर ते बदलेल काय, हा मोजून पाहण्यासारखा प्रश्न आहे. दारूचेही तेच. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. सारख्याच बोलींच्या, एकाच हवामानाच्या दोन शेजारी जिल्ह्यांत उपाय एकीकडे चालू राहिला आणि दुसरीकडे देऊन काढून घेतला गेला. वर्तनविश्लेषक ज्याला उलट-आराखडा म्हणतो तो सरकारने नकळत आखून दिला, परंतु अशा आराखड्यात गावागावात आधाररेषा मोजलेली असावी लागते. २०१६ पासून गडचिरोलीत चाललेल्या ‘मुक्तिपथ’ या दारू व तंबाखू नियंत्रणाच्या कार्यक्रमाने गाव हेच एकक धरले, ही त्यातील ध्यानात घेण्याजोगी गोष्ट.

उरतो तो देखरेखीच्या तासांचा प्रश्न. आशा कार्यकर्ती किंवा आई जे करते ते पाहून दुरुस्त करणारा जाणकार आठवड्यातून एकदा तरी हवा, आणि आता तो दृश्यसंभाषणाने नागपूर किंवा बेंगळुरूहूनही पाहू शकतो. पावसाळ्यात मात्र पर्लकोटा नदी फुगली की भामरागडचा संपर्क तुटतो आणि त्यापुढील टोल्यांत दूरध्वनीही भरवशाचा राहत नाही. नियोजनाच्या दृष्टीने हा खंड अडचणीचा असला, तरी अभ्यासाच्या दृष्टीने तो आपोआप घडलेला प्रयोग आहे, कारण त्या दिवसांत शिकवणारा दूर गेलेला असतो आणि शिकलेले घरात उरलेले असते. अक्षरे न येणाऱ्या आईला मुलाने किती वेळा मागितले हे नोंदवायला मण्यांची माळ पुरते. पूर ओसरून पूल मोकळा झाल्यावर कार्यकर्तीने टोल्यावर जाऊन प्रथम ती माळ पाहावी.